टक्के कोणत्या मेलानोमाचे?

पत्राचा सारांश

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा. त्यांचे वडील साठी ओलांडलेले शेतकरी आहेत. डाव्या टाचेवरचा काळा डाग सुरुवातीला कुरूप समजून गावातच दोनदा खरवडला गेला, मलमे झाली, आणि जखम भरेना तेव्हा कुठे बायोप्सी होऊन मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, असे निदान झाले. टाचेची आणि जांघेतील गाठींची शस्त्रक्रिया झाली. आता पेट स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत लहान गाठी दिसल्या आहेत. पुण्यातील कर्करोगतज्ज्ञांनी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार, सुचवली असून निव्होलुमॅब हे एकच औषध, किंवा निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब अशी जोडी, हे दोन पर्याय दिले आहेत. ‘अशा रुग्णांत साधारण पाचांत एकाला चांगला गुण येतो,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. न्यू जर्सीत राहणाऱ्या चुलतभावाने मात्र ‘या औषधांनी निम्मे रुग्ण दहा वर्षे जगतात’ अशी बातमी पाठवली, आणि मामा अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचे उदाहरण देतात. डॉक्टर निराशावादी आहेत किंवा आपली ऐपत पाहून बोलत आहेत, असा घरच्यांचा समज झाला असून, चार एकर बागायत विकून महागडी जोडीच घ्यावी, असे घाटत आहे. वडिलांना कर्करोगाचे काहीच सांगितलेले नाही. धाकट्या भावाचा ते सांगण्याला सक्त विरोध आहे. घरी गुळवेलीचा काढा रोज चालू आहे. भगिनी विचारतात: खरे कोणाचे धरायचे, जोडी घ्यायची का, आणि जमीन विकायची का?

उत्तर

ताई,

तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही आणि त्यांचे कागदही पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढे लिहितो ते तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून लिहितो, त्यांच्या सल्ल्याऐवजी नव्हे. तुमच्या तिन्ही प्रश्नांखाली एकच गृहीतक दडलेले आहे आणि आधी ते तपासू. मेलानोमा हा एक रोग, इम्युनोथेरपी हा त्यावरचा एक उपाय, म्हणून यशाचा खरा आकडाही एकच असणार, आणि दोन माणसे दोन आकडे सांगत असतील तर त्यांतला एक जण चुकत असणार किंवा काही लपवत असणार, असे तुमच्या घरात सर्वांनी धरून चालले आहे. माझ्या मते तुमचा चुलतभाऊही खरे सांगतो आहे आणि डॉक्टरही. ते दोघे वेगवेगळ्या मेलानोमाविषयी बोलत आहेत, एवढेच.

चुलतभावाने पाठवलेली बातमी बहुधा ‘चेकमेट ०६७’ या चाचणीची आहे. तिचे दहा वर्षांचे अंतिम निष्कर्ष २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. रोग पसरलेल्या किंवा शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या ९४५ रुग्णांना तीन गटांत विभागले होते. दहा वर्षांनंतर जोडी घेतलेल्यांपैकी ४३ टक्के, एकटे निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी ३७ टक्के आणि एकटे इपिलिमुमॅब घेतलेल्यांपैकी १९ टक्के हयात होते. ‘निम्मे’ हा शब्द कदाचित त्याच अहवालातील दुसऱ्या मोजणीवरून आला असेल: इतर कारणांनी झालेले मृत्यू बाजूला ठेवून केवळ मेलानोमाने झालेले मृत्यू धरले, तर जोडीच्या गटातील आकडा ५२ टक्क्यांवर जातो. २०११ मध्ये इपिलिमुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळण्यापूर्वी अशा रुग्णांपैकी निम्मे वर्षभराच्या आतच दगावत असत, हे लक्षात घेतले तर या आकड्यांचे मोल कळते. या शोधाच्या मुळाशी असलेल्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले, ते उगाच नव्हे.

पण त्या ९४५ जणांत होते कोण, हे बातमीत सहसा येत नाही. चाचणी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, युरोप, इस्राएल आणि उत्तर अमेरिका येथे झाली, रुग्ण जवळजवळ सगळे गोरे होते, बहुतेकांचा रोग उन्हाने पोळलेल्या त्वचेवर सुरू झालेला होता, आणि डोळ्यातील मेलानोमाच्या रुग्णांना तर घेतलेच नव्हते. टाचेवरच्या मेलानोमासाठी हा आकडा वापरणे म्हणजे महाबळेश्वर आणि माण यांच्या पावसाची सरासरी काढून दहिवडीच्या शेतकऱ्याला पेरणीचा सल्ला देण्यासारखे आहे. जिमी कार्टर यांचेही तसेच. २०१५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांच्या यकृतात आणि मेंदूत मेलानोमा पसरलेला आढळला, उपचारांनंतर त्याच वर्षअखेर तो दिसेनासा झाला, आणि ते १०० वर्षांचे होऊन २०२४ च्या डिसेंबरात वारले, हे सर्व खरे आहे. मामांना एवढेच सांगा की पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबरोबर त्यांच्या यकृतावर शस्त्रक्रिया आणि मेंदूतील डागांवर रेडिएशनही झाले होते, आणि एका माणसाला लागू पडले एवढ्यावरून कोणताही टक्का निघत नाही.

हा फरक पडतो कशामुळे? आपल्या शरीरातील टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी विकृत पेशी ओळखून मारतात. मात्र त्यांच्यावर पीडी-१ नावाचा एक लगाम असतो, आणि कर्करोगाच्या पेशी तो ओढून धरतात. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब तो लगाम सोडवतात, तर इपिलिमुमॅब हे सीटीएलए-४ नावाचा दुसरा लगाम सोडवते. ही औषधे स्वतः गाठीवर हल्ला करत नाहीत. लगाम सुटल्यावर टी-पेशींनी शत्रू ओळखला, तरच काम होते, आणि ओळखण्यासाठी पेशीवर काहीतरी परके दिसावे लागते. वर्षानुवर्षे उन्हातील अतिनील किरण झेललेल्या त्वचेच्या मेलानोमात जनुकांमध्ये हजारो बारीक बिघाड झालेले असतात, त्यांतून परकी प्रथिने तयार होतात आणि टी-पेशींना पुष्कळ खुणा सापडतात. तळवा, तळहात आणि नखाखाली होणारा मेलानोमा, ज्याला ॲक्रल मेलानोमा म्हणतात, तो उन्हामुळे होत नाही. त्यात बारीक बिघाड थोडे असतात. गुणसूत्रांचे मोठे तुकडे तुटणे, जुळणे आणि त्यांच्या अनेक प्रती होणे असे प्रकार अधिक असतात, आणि त्यांतून टी-पेशींना दिसतील अशा खुणा कमी निघतात. ‘आबा आयुष्यभर उन्हात राबले म्हणून हे झाले,’ असे तुम्ही पत्रात हळहळून लिहिले आहे. ते मनातून काढून टाका.

म्हणून तुमच्या कामाचा आकडा ज्या देशांत ॲक्रल मेलानोमा जास्त दिसतो तिथून घ्यावा लागतो. भारतात एकूण मेलानोमाच दुर्मीळ, वर्षाला लाखात एकालाही होत नाही, पण जो होतो त्यात तळपायाचा आणि श्लेष्मल आवरणाचा (नाक, तोंड अशा अवयवांच्या आतल्या ओलसर अस्तराचा) वाटा मोठा असतो. जपान आणि चीनमध्येही चित्र असेच आहे. जपानी डॉक्टरांनी पीडी-१ विरोधी औषध घेतलेल्या ॲक्रल मेलानोमाच्या १९३ रुग्णांचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात गाठी लक्षणीयरीत्या आकसलेल्या रुग्णांचे प्रमाण १६.६ टक्के निघाले. पण आतली विभागणी पाहा: तळवा आणि तळहात यांच्या गटात ते २१.४ टक्के होते आणि नखाखालच्या गटात ८.६ टक्के. अर्धे रुग्ण ज्या मुदतीच्या पलीकडे जगले, ती मुदत पहिल्या गटात २२.३ महिने आणि दुसऱ्यात १२.८ महिने होती. तुमच्या वडिलांचा रोग टाचेवरचा, म्हणजे पहिल्या गटातला. ‘पाचांत एक’ असे जे डॉक्टर बोलले, ते माझ्या समजुतीप्रमाणे याच कुळातल्या आकड्यांवरून बोलले. त्यांना निराशावादी ठरवण्यापूर्वी हे ध्यानात घ्या की त्यांनी तुम्हाला नेमका तुमचा आकडा दिला. अमेरिकेतला ऐकायला गोड आकडा देणे त्यांना सहज जमले असते.

‘पाचांत एक’ याचा अर्थ उरलेल्या चौघांना काहीच उपयोग नाही, असाही नव्हे. गाठ ठरावीक प्रमाणात लहान झाली तरच त्याला प्रतिसाद म्हणून मोजतात. ज्यांच्या गाठी काही महिने वाढल्याच नाहीत, ते रुग्ण या टक्क्यांत येत नाहीत. शिवाय या औषधांचा गुण आला की तो पुष्कळदा टिकतो, आणि केमोथेरपीत नेमकी हीच उणीव होती. तेव्हा तुम्ही विचार करताय तो एका लहान पण टिकाऊ शक्यतेचा आहे. त्या शक्यतेतही माणसागणिक फरक पडतो. रोग फक्त फुप्फुसात असणे हे यकृतात किंवा मेंदूत असण्यापेक्षा बरे. रक्तातील एलडीएच या विकराचे प्रमाण सामान्य असणे बरे. रुग्ण चालता-फिरता आणि जेवता-खाता असणे बरे. तुमच्या पत्रात पेट स्कॅनचा उल्लेख आहे, मेंदूच्या एमआरआयचा नाही. मेंदूतील लहान डाग पेट स्कॅनमध्ये निसटू शकतात, म्हणून तो झाला आहे का, हे आधी विचारा.

हे सदर वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी वेगळ्या जागचा मेलानोमा असेल, त्यांच्यासाठी थोडे विषयाच्या कडेने जातो. नाक, तोंड, गुदद्वार किंवा योनिमार्ग यांच्या आवरणात होणारा मेलानोमाही उन्हाशी संबंधित नाही. अनेक चाचण्यांतील रुग्ण एकत्र करून २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणात निव्होलुमॅबला अशा २३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, तर त्वचेच्या मेलानोमात ४१ टक्क्यांनी. जोडीने हेच आकडे ३७ आणि ६० झाले. डोळ्यातील मेलानोमा तर जवळजवळ वेगळाच रोग समजावा. तो जीएनएक्यू किंवा जीएनए११ या जनुकांच्या बिघाडातून होतो, पसरला की बहुधा यकृतात जातो, आणि ५६ रुग्णांच्या एका पाहणीत पीडी-१ विरोधी औषधाचा प्रतिसाद चार टक्क्यांनाही पोहोचला नाही. त्याच्यासाठी टेबेंटाफस्प हे निराळ्या पद्धतीचे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ३७८ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण त्याने ५९ वरून ७३ टक्क्यांवर नेले, पण रक्ताच्या तपासणीत एचएलए-ए*०२:०१ हा पेशींवरील ओळखखुणेचा प्रकार आढळला तरच ते चालते, म्हणून ही तपासणी आधी करावी लागते. उलट्या टोकाला डेस्मोप्लास्टिक हा उन्हाने होणारा, बिघाडांनी खचाखच भरलेला त्वचेचा दुर्मीळ उपप्रकार आहे, आणि त्याच्या ६० रुग्णांच्या अभ्यासात ७० टक्क्यांनी प्रतिसाद दिला. चार टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंतचे हे सगळे रुग्ण कागदावर ‘चौथ्या स्टेजचा मेलानोमा’ या एकाच ओळीत बसतात. बायोप्सीच्या अहवालात उपप्रकार लिहिलेला नसेल, तर तो पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घेतल्याशिवाय टक्क्यांची चर्चा सुरूच करू नये.

आता एक औषध की जोडी? महाग ते अधिक गुणकारी, हे घरच्यांचे दुसरे गृहीतक आहे. त्वचेच्या नेहमीच्या मेलानोमात जोडी काहीशी सरस ठरली आहे, हे वर आलेच. ॲक्रल प्रकारात अनेक देशांतील रुग्णांच्या नोंदी एकत्र पाहिल्या तर जोडीने गाठी आकसण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. ३२५ रुग्णांच्या अशा एका अभ्यासात जोडीने ४३ आणि पीडी-१ विरोधी औषधाने २६ टक्के प्रतिसाद आढळला. पण ही मागे वळून केलेली पाहणी आहे. कोणाला जोडी द्यायची हे डॉक्टरांनी रुग्णाची तब्येत पाहून ठरवलेले होते, त्यामुळे दोन्ही गट सारखे नव्हते, आणि आयुष्य किती वाढले, या प्रश्नाचे उत्तर गाठी आकसण्याइतके ठाम मिळत नाही. दुसरीकडे दुष्परिणामांचा हिशेब मात्र स्वच्छ आहे: चेकमेट ०६७ मध्ये गंभीर दुष्परिणाम जोडीने ५९ टक्के रुग्णांत झाले, एकट्या निव्होलुमॅबने साधारण २३ टक्क्यांत.

हे दुष्परिणाम केमोथेरपीसारखे नसतात. लगाम सुटलेल्या टी-पेशी आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉइड, पिट्यूटरी, क्वचित हृदय यांवरही चालून जातात. दिवसाला पाच-सहा वेळा पातळ जुलाब होऊ लागले आणि ‘काहीतरी बाधले असेल’ म्हणून गावातल्या दवाखान्यातून थांबवायची गोळी घेतली, तर दोन-तीन दिवसांत आतड्याला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. वेळेवर स्टेरॉइड सुरू केले तर बहुतेकदा आटोक्यात येते. म्हणून तुमच्या बाबतीत मी रस्त्याचे अंतर औषधाच्या किमतीइतकेच महत्त्वाचे मानतो. रात्री अकरा वाजता जुलाब सुरू झाले तर आबांना मोठ्या रुग्णालयात पोहोचवायला किती तास लागतील, गाडी कोणाची आणि सोबत कोण? याचे उत्तर समाधानकारक नसेल, गाठी लहान असतील आणि वेगाने वाढत नसतील, तर माझा कल एकट्या पीडी-१ विरोधी औषधाकडे झुकतो. रोग झपाट्याने पसरत असेल, यकृतात किंवा मेंदूत असेल आणि प्रकृती चांगली असेल, तर जोडीचा विचार जरूर व्हावा, आणि तेव्हा इपिलिमुमॅबचे प्रमाण कमी ठेवून निव्होलुमॅबचे जास्त ठेवण्याची पद्धत चालेल का, हे विचारावे. त्या पद्धतीत गंभीर दुष्परिणाम ४८ वरून ३४ टक्क्यांवर आल्याचे चाचणीत दिसले आहे.

याआधी एक तपासणी मात्र झालीच पाहिजे, आणि तिचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक रुग्णालयात जपून ठेवलेला असतो. त्यावर बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांची तपासणी करून घ्या. त्वचेच्या मेलानोमात बीआरएएफचा बिघाड जवळजवळ निम्म्या रुग्णांत सापडतो, ॲक्रलमध्ये फार तर पाचांत एकात. तो सापडला तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांची वाट उघडते. केआयटीचा बिघाड ॲक्रल रुग्णांपैकी दहा ते वीस टक्क्यांत असतो, आणि त्याच्या विशिष्ट प्रकारांत इमॅटिनिब ही गोळी काही जणांना, साधारण चार-पाचांत एकाला, गुण देते. ही तीच गोळी आहे जी रक्ताच्या एका कर्करोगावर वापरली जाते आणि जिच्या नव्या स्वरूपाला पेटंट देण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नकार दिला; भारतीय कंपन्यांची इमॅटिनिब इम्युनोथेरपीच्या तुलनेत अगदीच स्वस्त पडते. या गोळ्यांचा परिणाम इम्युनोथेरपीइतका टिकत नाही, त्यामुळे त्या पहिल्या घ्याव्यात असे मी म्हणत नाही. बीआरएएफचा बिघाड असलेल्या रुग्णांतही आधी इम्युनोथेरपी आणि मग गोळ्या, या क्रमाने दोन वर्षांनी ७२ टक्के हयात होते, तर उलट क्रमाने ५२ टक्के. पण चार एकर विकण्याआधी दुसरा पर्याय खिशात आहे की नाही, हे माहीत असावे.

मुंबईत टाटा रुग्णालयात ‘कमी डोसची स्वस्त इम्युनोथेरपी’ देतात, असे कोणीतरी सांगितल्याचे तुम्ही लिहिता. त्यात तथ्य आहे, पण ते दुसऱ्या रोगाचे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंड आणि घसा भागातील कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली; तोंडाने घ्यायच्या तीन औषधांबरोबर दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम असते. मेलानोमात असे थेट सिद्ध झालेले नाही, हे खरे. तरी निव्होलुमॅबच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत किलोमागे ०.१ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेलाही मेलानोमाच्या काही रुग्णांनी प्रतिसाद दिला होता. पूर्ण मात्रा परवडतच नसेल, तर काहीच न घेणे आणि कमी मात्रा घेणे यांत काय निवडावे, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही. अनेक घरांत तो संकोचापोटी विचारलाच जात नाही.

जमिनीबद्दल माझे मत थोडे कठोर वाटेल. बागायत जमीन सध्या विकू नका. पूर्ण मात्रेच्या उपचाराचा खर्च लाखांत जातो हे खरे, पण तो सगळा पहिल्या दिवशी द्यायचा नसतो. साधारण बारा आठवड्यांनी पहिला स्कॅन होतो आणि तेव्हा बरेचसे चित्र दिसते. तोवरच्या मात्रांचे पैसे उभे करण्याचा विचार आधी करा. काही थोड्या रुग्णांत गाठी पहिल्या स्कॅनमध्ये मोठ्या दिसून नंतर आकसतात, म्हणून डॉक्टर एखादा स्कॅन आणखी थांबायला सांगतील. पण दोन्ही स्कॅनमध्ये रोग वाढलाच, तर हे औषध थांबवायचे, हे आजच, मन शांत असताना घरात ठरवून ठेवा; तेव्हा ठरवायला बसलात तर ‘आणखी एक डोस’ असे म्हणत जमीन जाते. गुण आला तरी हे औषध जन्मभर चालत नाही, बहुधा दोन वर्षांच्या आसपास थांबवण्याचा विचार होतो, तेव्हा पुढच्या खर्चालाही मर्यादा आहे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातील काय बसते, मुख्यमंत्री आणि पंतप्रधान साहाय्यता निधीला अर्ज कसा करायचा, आणि औषध कंपनीची काही मात्रा विकत घेतल्यावर पुढच्या मोफत देणारी योजना सध्या चालू आहे का, हे विचारा आणि अटी लेखी घ्या. दुसरे मत हवे असेल तर मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही. टाटा स्मारक आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांच्याशी जोडलेल्या ‘नव्या’ या सेवेकडे कागदपत्रे ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचे लेखी मत मिळते.

जमिनीवरून आणखी एक विचारतो. ती कोणाच्या नावावर आहे? सातबारा आबांच्या नावावर असेल, तर खरेदीखतावर सही त्यांची लागणार, आणि टाचेची जखम चिघळली म्हणून चार एकर का विकायचे, असे ते विचारणारच. तुमचा धाकटा भाऊ वडिलांवरच्या मायेपोटी बोलतो आहे, त्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण ज्याने उभ्या आयुष्यात सुगी आणि दुष्काळ दोन्ही पाहिले, तो माणूस हे ऐकून कोसळेलच, हे आपण कशावरून ठरवले? शिवाय या उपचारात रुग्णाला माहीत नसणे धोक्याचे आहे. जुलाब, धाप, डोळे पिवळे होणे, असह्य थकवा, डोकेदुखी, ही लक्षणे सर्वात आधी त्यांनाच कळणार. मुलीला कशाला त्रास, म्हणून ते गप्प राहिले तर औषधापेक्षा ते मौन महागात पडेल. अंगावर पांढरे डाग उठले तर गावात कोड म्हणून कुजबुज सुरू होईल. मेलानोमाच्या रुग्णात ते डाग पुष्कळदा औषध काम करत असल्याची खूण असतात, हे त्यांना आधीच सांगितलेले असावे. सगळे टक्के त्यांच्यासमोर मांडायची गरज नाही. ‘टाचेतला रोग फुप्फुसात गेला आहे, त्यावर औषध आहे, ते सगळ्यांना लागू पडत नाही, तुम्हाला घ्यायचे आहे का आणि त्यासाठी काय काय करायचे,’ एवढे डॉक्टरांच्या समोर, भावालाही सोबत बसवून बोला. त्यांनी उपचार नको म्हटले किंवा जमिनीला हात लावू नका म्हटले, तर तेही उत्तर आहे आणि ते मोजले गेले पाहिजे. उपचार घेतले काय, न घेतले काय, वेदना आणि धाप यांवर काम करणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाशी ओळख आत्ताच करून ठेवा. तो विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी असतो, हा समज चुकीचा आहे.

पुढच्या भेटीला जाताना पहिल्या बायोप्सीपासूनचे सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावून न्या, आणि पहिली मात्रा घेण्याआधी यकृत, थायरॉइड, साखर आणि एलडीएच यांची तपासणी झाल्याची खात्री करा, म्हणजे नंतर काही बदलले तर कशाशी तुलना करायची हे ठरेल. रात्री-अपरात्री फोन कोणत्या नंबरवर करायचा आणि फोनवर ‘रुग्ण इम्युनोथेरपीवर आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचे, हे एका कागदावर लिहून घरात भिंतीला लावा. गुळवेलीचा काढा आजच थांबवा. प्रतिकारशक्ती वाढवायला तो चांगला, हे शेजाऱ्यांचे म्हणणे मला ठाऊक आहे, पण मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. इम्युनोथेरपी चालू असताना यकृताचे आकडे चढले तर ते औषधामुळे की काढ्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि लागू पडत असलेले औषध विनाकारण बंद करण्याची पाळी येईल. तो किती दिवस आणि किती घेतला, हे मात्र डॉक्टरांना न लाजता सांगा.